मुलीचा सॉकर क्लब बदलायचा का? (ईसीएनएल, दुसरी टीम आणि पुढचं कॉलेज)

अस्मिता_जर्सी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. लेक १२ वर्षांची, जन्म ऑक्टोबर २०१३, सहावीत आहे. न्यू जर्सीत आमच्या टाऊनच्या ट्रॅव्हल टीममध्ये मिडफिल्डला खेळते आणि आई म्हणून नाही सांगत पण खरंच बरी खेळते, पूर्ण मॅच मैदानावर असते, कॉर्नर फ्री किक सगळं तिच्याकडेच. आता पाऊण तासावरच्या एका मोठ्या क्लबने बोलावलंय. त्यांची पहिली टीम ईसीएनएलमध्ये (एलिट क्लब्ज नॅशनल लीग, देशपातळीवरची वरची क्लब लीग) आणि दुसरी ईसीएनएलच्या रिजनल लीगमध्ये. हिला दुसऱ्या टीममध्ये घेतो म्हणाले, "पुढे वर जाऊ शकते" हे तोंडी. फी दुपटीहून जास्त, आठवड्याला तीन ट्रेनिंग आणि वीकेंडला मॅचेस, म्हणजे भरतनाट्यम बंद आणि रविवारची मराठी शाळा रामभरोसे.

टाऊनमधल्या बाकीच्या आया छातीठोकपणे सांगतात की तेराव्या वर्षी ईसीएनएलमध्ये नसेल तर कॉलेज सॉकर विसरा. नवऱ्याच्या मते हा सगळा धंदा आहे. लेकीला जायचंच आहे. ज्यांच्या मुली यातून गेल्यात त्यांनी प्लीज सांगा, क्लबच्या नावाने कॉलेजच्या रिक्रूटिंगमध्ये नक्की किती फरक पडतो?

बे_एरियाचा_बाळ्या

अस्मिताताई, बसा, प्रतिसाद मोठा आहे.

आधी ही लीगची भानगड. ईसीएनएल २००९ ला सुरू झाली, ती मुलींसाठीच. सगळं सुरळीत चाललं होतं तर २०१७ ला यूएस सॉकरने मुलींची स्वतःची डेव्हलपमेंट अकॅडमी काढली, म्हणजे डीए, आणि क्लबांना सांगितलं की हाच आता सर्वोच्च मार्ग, वर अट अशी की हायस्कूलच्या टीमकडून खेळायचं नाही. अर्धे मोठे क्लब तिकडे गेले. मग एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या गडबडीत फेडरेशनने ती अकॅडमी एका फटक्यात बंद केली. तिथले काही क्लब ईसीएनएलमध्ये परतले आणि उरलेल्यांची गर्ल्स अकॅडमी झाली, तीच आजची जीए. आमची थोरली नेमकी या चक्रात सापडली. क्लब तोच, कोच तोच, मैदान तेच, बाहीवरचा बिल्ला तेवढा बदलत राहिला आणि दर वेळी पालकांना मीटिंगला बोलावून सांगायचे की आता कॉलेजचे कोच फक्त याच लीगला येणार आहेत.

त्यात खोटं नव्हतं पण पूर्ण खरंही नव्हतं. कॉलेज कोचचं प्रवासाचं बजेट ठरलेलं असतं, असिस्टंट दोन-तीन. तो जिथे एका वीकेंडला एकाच कॉम्प्लेक्सवर शंभर चांगल्या मुली दिसतील तिथेच जाणार, आणि ईसीएनएलचे नॅशनल इव्हेंट किंवा जीएचे शोकेस म्हणजे तेच. त्यामुळे मोठ्या कॉन्फरन्समधलं डिव्हिजन वन (कॉलेज खेळाच्या तीन पातळ्यांतली सगळ्यात वरची, खालच्या दोन म्हणजे डी-टू आणि डी-थ्री) हवं असेल तर या दोनपैकी एका लीगच्या *पहिल्या* टीममध्ये असण्याचा फायदा आहेच, उगाच नाकारू नये. पण हे चौदा-पंधरा-सोळा वर्षांचं गणित आहे, बाराचं नाही. आणि दुसऱ्या टीमच्या मैदानाकडे ते कोच पाच मिनिटं वळले तरी नशीब.

आमची आता डी-थ्रीला खेळते. तिथला कोच तिला क्लबच्या मॅचला बघून नाही भेटला, कॉलेजच्याच आयडी कँपला (मुली पारखायला कॉलेज घेतं तो कँप) भेटला.

खवचट_काका

नवऱ्याशी सहमत. हिशोब मांडा ताई. आमच्याकडे टेक्ससमध्ये क्लबची फी चार हजार डॉलर, युनिफॉर्म वेगळा, फिनिक्स-फ्लोरिडाची तिकिटं वेगळी, हॉटेलही टूर्नामेंटवाले सांगतील तेच घ्यायचं. सहा-सात वर्षं हे केलंत तर सरकारी युनिव्हर्सिटीची इन-स्टेट ट्यूशन बाजूला पडली असती.

आणि शिष्यवृत्ती शिष्यवृत्ती म्हणतात ती केवढी? डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या सॉकरला कालपरवापर्यंत एका टीमला १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतका पैसा द्यायची मुभा होती आणि तो तीसएक मुलींमध्ये वाटायचा. कुणाला ६० टक्के, कुणाला पुस्तकांपुरते. डी-टूला ९.९. डी-थ्रीला खेळासाठी शून्य. आयव्ही लीगलाही खेळासाठी शून्य, तिथे फक्त घरच्या उत्पन्नावरून मदत, आणि दोघं आयटीत असलात तर ती किती मिळेल ते तुम्हीच ओळखा.

गोलीची_आई

काका, शून्य डॉलर म्हणजे शून्य फायदा असं नाही ना पण. आपल्या लोकांना ज्या कॉलेजांची स्वप्नं पडतात त्यातली कितीतरी डी-थ्रीच आहेत, एमआयटी, कार्नेगी मेलन, शिकागो, जॉन्स हॉपकिन्स, एमरी, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट. यातल्या बऱ्याच ठिकाणी कोच अकरावी संपल्यावर उन्हाळ्यात मुलीचे मार्क्स अ‍ॅडमिशन ऑफिसकडे आधी नजरेखालून घालायला देतो, त्याला प्री-रीड म्हणतात. तिकडून हिरवा कंदील आला आणि कोचने पाठिंबा दिला तर अर्ली डिसिजनला (एकाच कॉलेजला आधीच बांधून घेऊन केलेला अर्ज) त्या अर्जाचं वजन बरंच वाढतं. (एमआयटीत कोचच्या शब्दाला तेवढी किंमत नाही, तिथे अ‍ॅडमिशनवाले आपलंच खरं करतात.) ज्या अ‍ॅडमिशनसाठी लोक खासगी कन्सल्टंटला पैसे मोजतात तिथे हा फायदा कमी आहे का?

आमची डिव्हिजन वनला गेली म्हणून तिकडचंही सांगते. नियम असा की दहावी संपली की १५ जूनपासून कॉलेजचा कोच मुलीशी थेट बोलू शकतो, मेसेज करू शकतो, ऑफर देऊ शकतो, आणि १ ऑगस्टपासून कँपसवर रीतसर बोलावू शकतो. (इथेही दहावीच आडवी येते, आपली सुटका नाही.) २०१९ च्या आधी हे असं नव्हतं, आठवी-नववीतल्या मुली तोंडी कमिट व्हायच्या, म्हणजे एखाद्या कॉलेजला शब्द द्यायच्या. तेराव्या वर्षीची जी घाई तुमच्या टाऊनमधल्या आया सांगतायत ती त्या जमान्यातली आहे, घरातल्या थोरल्या बहिणींवरून चालत आलेली.

१४ जूनची रात्र मात्र खरी असते हो. टीममधल्या सात-आठ जणी आमच्या बेसमेंटमध्ये झोपायला आलेल्या, फोन सगळे मधे टीपॉयवर. बारा वाजून गेले आणि एकीचा फोन जो थरथरायला लागला तो थांबेचना. दोघींचे अधूनमधून. बाकीच्या पिझ्झाकडे बघतायत. त्या फोनवाल्या मुलीच्याच टीममधल्या होत्या सगळ्या, तीच लीग, तोच बिल्ला, तोच कोच. आमच्या हिला त्या रात्री काही आलं नाही, गोलकीपर कॉलेजला वर्षाला फार तर एक लागते आणि कधीकधी तीही नाही. तिचं जमलं नोव्हेंबरात, एका कॉलेजची ठरलेली गोली दुसरीकडे गेली तेव्हा.

सगळा प्रकार स्थळं बघण्यासारखा आहे हो, त्यांच्याकडे जागा आहे का आणि आपल्या मुलीसाठी शब्द टाकणारा मध्यस्थ कोण. मध्यस्थ म्हणजे क्लबचा कोच. त्याने फोन उचलून "हिला बघा" म्हटलं तर फरक पडतो, आणि तो ते पहिल्या टीमच्या चार-पाच जणींसाठीच करतो.

पायमोडकी

हाय, माझं मराठी सांभाळून घ्या, मी डॅलसला वाढले, आईने हा धागा पाठवला. मी स्वतः डी-टूला चार वर्षं खेळले, त्यातलं एक वर्ष एसीएलमुळे (गुडघ्यातलं लिगामेंट) बाकावर.

सगळे आईबाबा लीगबद्दल बोलतायत, शरीराबद्दल कोणीच नाही. मुलींना एसीएलची इंज्युरी मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि ती नेमकी चौदा ते अठरा या रिक्रूटिंगच्याच वयात होते. आमच्या टीममध्ये शाळा संपेपर्यंत चौघींचे गुडघे झाले होते. माझा झाला तेव्हा आम्ही तीन दिवसांत चार मॅचेसच्या शोकेसला होतो, मला बरं वाटत नव्हतं पण कोच बघायला आलेत म्हणून मी बोलले नाही. परत यायला जवळजवळ वर्ष. त्या वर्षात दोन कॉलेजांनी हळूच रिप्लाय देणं बंद केलं.

तर क्लब बघताना हे पण बघा: प्रत्येक ट्रेनिंगच्या आधी नीट वॉर्मअप घेतात का (फिफा ११+ सारखं, पंधरा-वीस मिनिटं, लँडिंग आणि हॅमस्ट्रिंगचं काम असलेलं), की मुली गाडीतून उतरून सरळ शूटिंगच्या लाइनीत. स्ट्रेंथ कोण करून घेतो. सुट्टी कधी देतात. मला कोणी बारा वर्षांची असताना विचारलं असतं तर मी ईसीएनएलच म्हटलं असतं, ऑब्व्हियसली, सगळ्या मैत्रिणी तिथे होत्या.

खवचट_काका

@गोलीची_आई, स्थळाचं पटलं. आमच्या वेळी निदान कांदेपोहे फुकट मिळायचे.

साइडलाइन

नमस्कार, मी शिकागोजवळ एका क्लबात मुलींच्या टीमला कोचिंग करतो (पोटापाण्याला आयटीच). ताई, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणीच उचलली नाही, ती म्हणजे जन्म ऑक्टोबर २०१३.

२०१७ पासून इथे वयोगट जन्मवर्षावर चालतात, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. त्यामुळे तुमची लेक २०१३ च्या टीममध्ये खेळते आणि बरोबरच्या बहुतेक जणी सातवीत, ही सहावीत. टीममधली सगळ्यात लहान. जवळजवळ नऊ-दहा महिने मोठ्या मुलींशी ती रोज झुंजतेय आणि तरी पूर्ण मॅच खेळतेय, हे तुम्ही सहज लिहून गेलात पण ते सहज नाहीये. अशा मुलींना इथे ट्रॅप्ड प्लेअर म्हणतात. त्यांचा खरा घोळ आठवीत व्हायचा, टीममधल्या नववीच्या मुली सप्टेंबरात हायस्कूल टीमकडे जायच्या आणि ही एकटी आठवीत, क्लबची टीमच नाही. (तुमच्याकडे हायस्कूल सीझन फॉलला, आमच्याकडे इलिनॉयमध्ये मुलींचा वसंतात, टेक्सस-कॅलिफोर्नियात हिवाळ्यात, पण घोळ तोच.) रिक्रूटिंगमध्येही कोच म्हणायचे २०१३ ची टीम, पण हिचं ग्रॅज्युएशनचं वर्ष बाकीच्यांच्या पुढचं, मग वर्षभर तिला कोणी बघायचंच नाही.

आता २०२६-२७ च्या सीझनपासून हे बदलतंय, वयोगट १ ऑगस्ट ते ३१ जुलै होणार, साधारण शाळेच्या इयत्तेप्रमाणे. ईसीएनएल आणि जीए दोघांनीही तेच स्वीकारलंय. म्हणजे तुमची लेक पुढच्या वर्षी पुन्हा अंडर-थर्टीनलाच येईल, ऑगस्ट २०१३ ते जुलै २०१४ च्या गटात, आणि आत्ता सगळ्यात लहान असलेली मुलगी एकदम सगळ्यात मोठ्यांपैकी एक होईल. प्रत्येक क्लबातली प्रत्येक टीम नव्याने लागणार. आज दुसऱ्या टीममध्ये जागा देतायत ते २०१३ च्या मुलींमध्ये उभी करून. त्याच मैदानावर वसंतात २०१४ च्या मुलींमध्ये उभी राहिली तर तोच क्लब काय म्हणेल ते बघा. मी तुमच्या जागी असतो तर आता सीझनच्या मध्यावर हललो नसतो.

अस्मिता_जर्सी

@साइडलाइन, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. वयोगट बदलणार हे क्लबच्या ईमेलमध्ये आलं होतं पण त्याचा आमच्याशी असा संबंध आहे हे कोणी बोललं नव्हतं!! मग दुसऱ्या टीमला हो म्हणण्याआधी त्यांना विचारू तरी काय? आणि कोच मैदानावर बघतात तरी काय?

साइडलाइन

बघतात काय ते आधी. गोल कमीच बघतात. माझ्या शेजारी उभं राहून एकदा एक कॉलेज असिस्टंट पंधरा मिनिटं एकाच मुलीकडे बघत होती आणि चेंडू बहुतेक वेळ दुसऱ्या टोकाला. तिची मान किती वेळा वळते, चेंडू यायच्या आधी ती आजूबाजूला बघते का, चेंडू गेल्यावर उभी राहते की धावते, हे. मग त्या मुलीला बदली करून बाहेर काढलं तेव्हा वहीत काहीतरी लिहिलं. बेंचवर बसताना तिने बाटली आपटली होती.

आता प्रश्न. वर कोणी गेलं का ते विचारा, म्हणजे मागच्या दोन-तीन वर्षांत दुसऱ्या टीममधून पहिल्या टीममध्ये किती मुली गेल्या आणि बाहेरून किती आणल्या. वेबसाइटवर कमिट झालेल्या मुलींचे फोटो असतात त्यातल्या किती जणी बाराव्या-तेराव्या वर्षापासून तिथे होत्या आणि किती शेवटची दोन वर्षं आल्या होत्या. दुसऱ्या टीमच्या मुली पुढे कुठे गेल्या ते वेगळं विचारा, बहुतेक ठिकाणी ते कागदावर नसतंच. पुढच्या वर्षी हाच कोच राहणार का. आणि कमीत कमी खेळायला किती मिळणार, याचं उत्तर देताना समोरचा किती वेळ इकडचं तिकडचं बोलतो त्यावरून कळतं. बाराव्या वर्षी बाकावर बसून कोणी शिकत नाही हो, चेंडूला पाय लागावा लागतो.

बे_एरियाचा_बाळ्या

+१००. साइडलाइन यांच्या प्रतिसादाची प्रिंट काढून पालकांना वाटली पाहिजे.

शिष्यवृत्तीबद्दल काकांच्या हिशोबात थोडी भर. जून २०२५ ला तो हाऊसचा खटला (खेळाडूंनी एनसीएएवर, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेवर भरलेला) मिटला, तेव्हापासून जी कॉलेजं त्यात सामील झाली त्यांना १४ ची मर्यादा उरली नाही, हवं तर सगळ्यांना पूर्ण द्या, पण टीममध्ये मुली २८ पेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात पैशाचा मोठा वाटा फुटबॉल-बास्केटबॉल नेणार आणि ज्या टीमा तीस-बत्तीस मुली ठेवायच्या तिथल्या शेवटच्या जागा गेल्या. त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडूंना एका कॉलेजातून दुसरीकडे जायची सोय. कोचला वीस वर्षांची, कॉलेजात दोन वर्षं खेळलेली तयार मुलगी मिळत असेल तर सतरा वर्षांच्या मुलीवर तो का थांबेल? ज्या मुली पूर्वी मधल्या फळीतल्या डी-वनला गेल्या असत्या त्या आता डी-टू, डी-थ्रीला येतायत आणि तिथली चुरस वाढलीय. आता क्लबवाल्यांनी "आमच्या इतक्या मुली डी-वनला गेल्या" म्हटलं की पुढचं विचारायचं, दुसऱ्या वर्षी त्यातल्या किती तिथेच आहेत.

एच४_बाबा

मधेच विचारतो, राग मानू नका. आमचं ग्रीन कार्ड रांगेत, मुलगी एच-४ वर (आमच्यावर अवलंबून म्हणून मिळालेला व्हिसा), नववीत. तिला शिष्यवृत्ती मिळू शकते का, की हा सगळा खेळ सिटिझनांसाठीच?

गोलीची_आई

राग कसला. खेळाच्या शिष्यवृत्तीला नागरिकत्वाची अट नाही, परदेशातून मुली येतात की खेळायला. सरकारी मदत, पेल ग्रँट वगैरे मात्र एच-४ ला मिळत नाही, म्हणून कॉलेजच्या स्वतःच्या पैशाकडे लक्ष ठेवा. इन-स्टेट फीचं प्रत्येक राज्याचं वेगळं असतं. २१ पूर्ण झाल्यावर एच-४ सुटतो, तोवर कार्ड नाही आलं तर कॉलेजात असतानाच एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागेल, आणि एफ-१ वर असताना ते नाव-फोटो वापरून पैसे कमवायचं प्रकरण वकिलाला विचारल्याशिवाय करायचं नाही, व्हिसा गोत्यात येतो. ग्रेड्सकडे बघा, एनसीएएला नववीपासूनचे १६ कोअर विषय मोजतात, ही गोष्ट अकरावीत कळून उपयोग नाही.

एच४_बाबा

खूप खूप आभार. कोचांना ईमेल मी लिहू की तिने?

पायमोडकी

तिने!! प्लीज. आईबाबांचा ईमेल लगेच ओळखू येतो. सब्जेक्टमध्ये नाव, ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन, क्लब. आत चार ओळी, कुठल्या दिवशी कुठल्या मैदानावर किती वाजता, जर्सीचा नंबर, व्हिडिओची लिंक, ग्रेड्स. व्हिडिओत पहिल्या तीस सेकंदांत बेस्ट क्लिप्स, म्युझिक नको, आपण कोण ते दाखवायला स्वतःभोवती वर्तुळ काढा. नववीत आहे म्हणजे डी-वन डी-टूवाले स्वतःहून लिहू शकत नाहीत, फक्त कँपची माहिती नाहीतर फॉर्म पाठवतील, त्यामुळे रिप्लाय नाही आला तर रडायचं नाही. ते वाचतात. मॅचला लिस्ट घेऊन येतात, त्या लिस्टवर नाव या ईमेलमुळेच चढतं.

अस्मिता_जर्सी

अपडेट देते. क्लबच्या डायरेक्टरला भेटलो. माणूस बोलायला सरळ निघाला. दुसऱ्या टीममधून वर? गेल्या तीन वर्षांत या वयोगटात एक. पुढच्या वर्षीच्या वयोगटाबद्दल विचारल्यावर जन्मतारीख बघून स्वतःच म्हणाला की मग हिला वसंतातल्या ट्रायआऊटला पहिल्या टीमसाठी बघावं लागेल, आत्ता काही लिहून देऊ शकत नाही. तोवर टाऊनच्या टीममध्येच ठेवतोय आणि मधल्या काळात त्यांच्या २०१४ च्या टीमबरोबर महिन्यातून एकदोनदा ट्रेनिंगला ये म्हणालेत. फुकट नाही अर्थात. लेक दोन दिवस फुगून बसली होती, मग 'मी सगळ्यात मोठी असणार' हे डोक्यात शिरल्यावर खुलली.

नवरा म्हणतो धंदाच आहे. पण आता बॅक यार्डमध्ये तिच्याबरोबर तोच बॉल मारत असतो.

खवचट_काका

पाऊण तास जायला, पाऊण यायला, दीड तास पार्किंगमध्ये. लॅपटॉप चार्ज करून न्या आणि त्या टीममधलं तुमच्या बाजूचं एखादं घर आत्ताच हेरून ठेवा, कारपूलला.

साइडलाइन

छान केलंत ताई. एकच, त्यांच्या ट्रेनिंगला जाण्याआधी टाऊनच्या कोचला स्वतः सांगा, बाहेरून कळलं की माणसं बिथरतात. आणि २०१४ वाल्यांबरोबर गेस्ट म्हणून मॅच खेळवतो म्हणाले तर आत्ताच्या सीझनमध्ये नाही म्हणायचं, ती २०१३ ची आहे, खालच्या गटात चालणार नाही. ट्रेनिंगला हरकत नाही.